दुरुस्त केलेला गावाचा लेख पुन्हा पुन्हा बिघडतो तेव्हा

मराठी विकिपीडियावर आडबाजूच्या गावांचे लेख सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे आणि या काळात एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी माझ्यापर्यंत आली आहे: "आम्ही आमच्या गावाचा लेख नीट केला, आठ-पंधरा दिवसांनी पाहिले तर पुन्हा जैसे थे." तक्रार करणारा बहुधा त्याच गावचा असतो आणि कोणीतरी मुद्दाम खोडसाळपणा करत आहे अशी त्याची खात्री झालेली असते. क्वचित ते खरेही निघते. परंतु बहुतेक वेळा बिघाडाचे मूळ अगदी साध्या ठिकाणी असते, आणि ते न शोधता वरवरची डागडुजी केली की तोच बिघाड महिन्याभराने पुन्हा डोके वर काढतो.

उदाहरणासाठी सिरोंचा घेतो. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहितेच्या डाव्या तीरावर वसलेले हे तालुक्याचे ठिकाण आहे. नदीपलीकडे तेलंगणा आहे, थोडे खाली कालेश्वरजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते आणि तालुक्याच्या पूर्व कडेला इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड सुरू होते. पुढे सांगितलेले सगळे दोष सिरोंच्याच्याच लेखात आज आहेत असे कोणी समजू नये. अशा लेखांत जेवढ्या प्रकारची गुंतागुंत होऊ शकते तेवढी या एका गावाच्या बाबतीत एकत्र सापडते, म्हणून ते सोयीचे आहे.

लक्षणे

खालीलपैकी एक-दोन गोष्टी दिसत असतील, तर हा मजकूर तुमच्यासाठी आहे.

लोकसंख्येचा सुधारलेला आकडा काही दिवसांनी पुन्हा जुना दिसतो. मजकुरात एक आकडा आणि शेजारच्या माहितीचौकटीत दुसराच असतो, आणि चौकटीतला बदलायला संपादन खिडकी उघडावी तर तो तिथे सापडतच नाही. नकाशावरची खूण नदीपात्रात, शेजारच्या राज्यात किंवा एखाद्या वेळी थेट उत्तर ध्रुवाच्या शेजारी पडते. गावाच्या नावाचा दुवा लाल दिसतो, किंवा निळा दिसतो पण भलत्याच गावाकडे नेतो. एकाच गावाचे दोन लेख आढळतात. लेखाच्या डोक्यावरची 'संदर्भ नाहीत' अशा अर्थाची पाटी काढली की पुन्हा लागते. आणि सर्वांत त्रासाचे म्हणजे, मेहनतीने लिहिलेला अख्खा परिच्छेद नाहीसा होतो आणि बदलांच्या आढाव्यात, म्हणजे बदलाचे कारण लिहायच्या जागेत, 'प्रताधिकार' (कॉपीराइट) हा एकच शब्द उरतो.

पहिली तपासणी: पान ताजे करा, मग इतिहास वाचा

याला दोन मिनिटे लागतात आणि काहीही खर्च होत नाही, तरी लोक हीच पायरी गाळतात. बदल जतन झाल्यावरही काही वेळ जुनी साठवलेली प्रत दिसत राहू शकते, विशेषतः बदल लेखात नसून लेखात वापरलेल्या साच्यात, म्हणजे अनेक लेखांत वापरायच्या तयार आराखड्यात, केला असेल तेव्हा. संपादन उघडून, एक अक्षरही न बदलता पान जतन केले की बहुधा नवी प्रत तयार होते. तरीही जुनेच दिसत असेल, तर 'इतिहास पहा' उघडावे.

इतिहासात तीन गोष्टी पाहायच्या: बदल कोणी केला, केव्हा केला आणि आढाव्यात काय कारण दिले. करणारा सांगकाम्या असेल, तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. सांगकाम्या म्हणजे ठरलेली कामे आपोआप करणारा प्रोग्रॅम, आणि तो चालवणाऱ्या सदस्याच्या चर्चा पानावर लिहावे लागते. करणारा नोंदणीकृत सदस्य असेल आणि त्याने कारण लिहिले असेल, तर ते आधी नीट वाचावे. नुसता अंकपत्ता (खाते नसलेल्याचा आयपी पत्ता; नव्या बदलांत आता त्याजागी तात्पुरत्या खात्याचे नाव दिसते) असेल, तर त्याच अंकपत्त्याची इतर संपादने पाहावीत: एकाच तालुक्यातल्या दहा गावांचे लेख त्याने शांतपणे सुधारले असतील, तर तो खोडसाळ नसून खाते न उघडलेला स्थानिक माणूस आहे.

ही तपासणी मी इतक्या आग्रहाने सांगतो, त्याला माझी स्वतःचीच चूक कारणीभूत आहे. एका लेखातला लोकसंख्येचा आकडा एक अंकपत्ता दर रविवारी बदलत असे आणि मी सोमवारी तो उलटवत असे. चौथ्या सोमवारी मला लाज वाटली आणि मी लेखाच्या चर्चा पानावर विचारले की हा आकडा आपण कुठून घेता. पुढच्या रविवारी उत्तर आले. ते गृहस्थ शिक्षक होते, आठवडाभर जिथे राहत तिथे मोबाइलला रेंज नव्हती, आणि त्यांचे म्हणणे असे की लेखातला आकडा संपूर्ण तालुक्याचा आहे, गावाचा नव्हे. त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्यांचा स्वतःचा आकडा मात्र गावातल्या एका फलकावरचा होता आणि तो कोणत्या वर्षाचा हे फलकावर लिहिलेले नव्हते. शेवटी आम्ही दोघांचेही आकडे बाजूला ठेवून जनगणना पुस्तिकेतला घातला आणि त्यानंतर तो लेख त्या जागी बिघडलेला नाही.

दुसरी तपासणी: लेख नेमका कशाचा आहे?

माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक डोकेदुखी इथून सुरू होते. 'सिरोंचा' या एका नावाखाली किमान तीन गोष्टी येतात. एक म्हणजे गाव, जे आता नगरपंचायत आहे. दुसरी म्हणजे तालुका. आणि तिसरी म्हणजे इतिहासात गेलेला जिल्हा: निजामाकडून १८६० मध्ये इंग्रजांकडे आलेल्या मुलखाचा अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा करण्यात आला, सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे होते, आणि १८७४ मध्ये तो जिल्हा मोडून सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडण्यात आले. जुन्या पुस्तकात 'सिरोंच्याचे क्षेत्रफळ' किंवा 'सिरोंच्याची वस्ती' असे वाचले, की ते या तिघांपैकी कोणाचे आहे हे ठरवल्याशिवाय लेखात उतरवू नये.

ओळखण्याची सोपी खूण नद्यांची आहे. लेखात "सिरोंचा हे गोदावरी, प्राणहिता आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या काठी वसले आहे" असे वाक्य दिसले, तर लेखकाने गावाच्या लेखात तालुक्याचे वर्णन घातले आहे. गाव प्राणहितेवर आहे. इंद्रावती गोदावरीला मिळते ती सोमनूरजवळ, आणि ती जागा तालुक्यात असली तरी गावापासून बरीच दूर आहे.

उपाय वेळखाऊ आहे, पण अवघड नाही. गावाचा आणि तालुक्याचा असे दोन स्वतंत्र लेख असावेत, प्रत्येकाच्या पहिल्याच वाक्यात तो कशाचा आहे हे स्पष्ट असावे आणि दुसऱ्याचा दुवा तिथेच द्यावा. असे केले नाही, तर सद्भावनेने आलेला प्रत्येक नवा संपादक आपल्याजवळची बरोबर माहिती चुकीच्या जागी टाकत राहतो, आणि कोणीही खोटे लिहिलेले नसताना लेख मात्र खोटा होतो.

जनगणनेच्या यादीत आणखी एक खोच आहे. चांदा-गडचिरोली भागातल्या गावांच्या नावांना माल, चक, रयतवारी अशी महसुली शेपटे असतात. सिरोंचा तालुक्यातच 'अंकिसा माल' अशी नोंद आढळते. लोक नुसते 'अंकिसा' म्हणतात. यादीतली पहिली ओळ पाहून आकडा उचलला आणि दुसरी शेपटाची ओळ पाहिलीच नाही, तर गावाची वस्ती कागदावर निम्मी होते. शिवाय सिरोंच्याची नगरपंचायत २०११ च्या जनगणनेनंतर झाली, त्यामुळे त्या जनगणनेत ते शहरांच्या यादीत शोधणारा रिकाम्या हाताने परत येतो आणि मग कुठल्यातरी संकेतस्थळावरचा अंदाज घालतो. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. म्हणून '२०२१' किंवा '२०२३' चा म्हणून दिलेला गावपातळीचा कोणताही आकडा हा अंदाज आहे असे समजून तो काढावा.

तिसरी तपासणी: चौकटीतला आकडा कुठून येतो?

मराठी विकिपीडियावरच्या अनेक लेखांत माहितीचौकट विकिडाटावरून आपोआप भरली जाते. विकिडाटा ही सर्व भाषांच्या विकिपीडियांनी वाटून घेतलेली कोठी आहे, असे म्हणता येईल: एका गावाची एक नोंद, आणि तिच्यातला आकडा बदलला की त्या नोंदीवर विसंबणाऱ्या प्रत्येक भाषेतली चौकट बदलते. चौकटीतला आकडा संपादन खिडकीत सापडत नाही याचे कारण हेच. बदल लेखाच्या इतिहासातही दिसत नाही, कारण विकिडाटाचा इतिहास वेगळा असतो. ज्यांना 'अदृश्य हात' लेख बिघडवतो असे वाटते, त्यांचा हात बहुधा इथे सापडतो.

लेखाच्या साधनांच्या यादीतून विकिडाटा कलम उघडावे आणि लोकसंख्येच्या नोंदीखाली ती कोणत्या वर्षाची आहे आणि तिला संदर्भ जोडला आहे का, हे पाहावे. जुना आकडा पुसण्याऐवजी नवा आकडा वर्षासह घालावा आणि त्याला पसंतीचा दर्जा द्यावा. जुनाही राहू द्यावा, कारण १९९१ चा आकडा १९९१ साठी बरोबरच असतो.

इथेच जोड-नोंदींचाही बंदोबस्त करावा. सेबुआनो आणि स्वीडिश या भाषांच्या विकिपीडियांवर एका सांगकाम्याने भौगोलिक नावांच्या एका मोठ्या यादीवरून लाखो लेख तयार केले आणि त्यांच्या पाठोपाठ विकिडाटावर त्याच गावांच्या दुसऱ्या नोंदी उभ्या राहिल्या, काही वेळा चुकलेल्या स्थानांसह. फिलिपीन्समधल्या भाषेत आपल्या तालुक्यातल्या नाल्याचाही लेख आहे हे पाहून मला पहिल्यांदा गंमत वाटली होती. नंतर त्या नोंदी एकमेकींत विलीन करताना ती राहिली नाही. दोन नोंदी खरोखर एकाच गावाच्या आहेत याची खात्री असेल तरच विलीन कराव्यात, कारण गाव आणि तालुका चुकून एक झाले तर ते वेगळे करणे फार किचकट जाते.

चौथी तपासणी: नकाशावरची खूण

सिरोंच्याचे स्थान १८ अंश ५१ मिनिटे उत्तर आणि ७९ अंश ५८ मिनिटे पूर्व असे आहे. दशांशात सांगायचे तर सुमारे १८.८५ आणि ७९.९७. या चार आकड्यांत तीन चुका ठरलेल्या असतात.

पहिली म्हणजे मिनिटांना दशांश समजणे. १८ अंश ५१ मिनिटे हे कोणी '१८.५१' असे लिहिले आणि रेखांशही तसाच '७९.५८' लिहिला, तर खूण पन्नासहून अधिक किलोमीटर नैऋत्येला सरकते आणि गाव तेलंगणात जाऊन पडते. ही चूक डोळ्यांना पटकन दिसत नाही, कारण नकाशा लहान असतो आणि खूण 'साधारण तिथेच' दिसते. दुसरी चूक म्हणजे अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल. ७९.९७ उत्तर आणि १८.८५ पूर्व हे स्थान नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर, बर्फात आहे. ही चूक सर्वांना दिसते, म्हणून लवकर सुधारते. तिसरी चूक खास आपली: साच्याला हिशेब करायचे असतात आणि त्याला ते इंग्रजी अंकांतच समजतात. कोणी भाषाप्रेमाने ते अंक देवनागरीत बदलले, की खूण नाहीशी होते आणि चौकटीत लाल अक्षरांत त्रुटीचा संदेश येतो. मजकुरात देवनागरी अंक अवश्य लिहावेत, पण साच्याच्या पोटात लिहू नयेत, आणि हे चर्चा पानावर एकदा नोंदवून ठेवावे, कारण पुढचा भाषाप्रेमी येणारच आहे.

पाचवी तपासणी: दुवे आणि नावाचे लेखन

मराठीत नाम विभक्तीत बदलते आणि दुवा मूळ रूप मागतो. 'सिरोंच्याला' या शब्दाला सरळ चौकटी कंस घातला, की दुवा लाल होतो, आणि एखादा उत्साही सदस्य त्या लाल दुव्यावर टिचकी मारून नवा लेखही सुरू करतो. एकाच गावाचे दोन लेख होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. कंसात आधी मूळ नाव, मग उभी रेघ, मग वाक्यात हवे ते रूप, असे लिहावे. नाव दोन प्रकारे लिहिले जात असेल, तर दुसऱ्या लेखनाचे पुनर्निर्देशन करावे, म्हणजे ते शोधणारा आपोआप मूळ लेखावर पोहोचेल असे करावे. 'वऱ्हाड'सारख्या शब्दांतला अर्धा र दोन निरनिराळ्या पद्धतींनी टंकित होतो, दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात; शोध घेतल्यावर 'लेख नाही' असे दिसले, तरी लगेच नवा लेख लिहायला बसू नये.

निळा पण चुकलेला दुवा अधिक धोक्याचा. प्राणहितेच्या काठी सिरोंच्याजवळ कोटा नावाचे गाव आहे आणि त्याच्या नावावरून भूशास्त्रातल्या एका जुरासिक थराला कोटा हे नाव मिळाले. बारापासॉरस या डायनासोरचे अवशेष याच थरातले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी १९७५ मध्ये त्याला नाव दिले आणि नावाचा दुसरा भाग रवींद्रनाथ ठाकुरांच्या सन्मानार्थ ठेवला. आता लेखात 'कोटा' असा नुसता दुवा दिला, की वाचक राजस्थानातल्या शिकवणी वर्गांच्या शहरात पोहोचतो.

सहावी तपासणी: संदर्भ बरोबर, पण सीमा जुन्या

संदर्भ विश्वासार्ह असूनही माहिती चुकते ती अशी. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, म्हणून त्याआधीचे प्रत्येक पुस्तक सिरोंच्याला चांदा किंवा चंद्रपूर जिल्ह्यात दाखवते. शेजारचे बस्तर १ नोव्हेंबर २००० पर्यंत मध्य प्रदेशात होते. गोदावरीपलीकडचा मुलूख २ जून २०१४ पर्यंत आंध्र प्रदेशात होता, आणि कालेश्वर ज्या जयशंकर भूपालपल्ली जिल्ह्यात आहे तो ऑक्टोबर २०१६ मधला. त्याआधी ते करीमनगर जिल्ह्यात होते. गडचिरोली–चिमूर हा लोकसभा मतदारसंघही २००८ च्या पुनर्रचनेतून आलेला आहे.

म्हणून जुन्या संदर्भावरून "आंध्र प्रदेशातील करीमनगर जिल्ह्याच्या सीमेवर" असे कोणी लिहिले, तर ते खोडसाळ नसते, फक्त शिळे असते. ते उलटवून काही साध्य होत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या हातात छापील पुरावा असतो. त्याऐवजी वाक्यातच काळ घालावा: अमुक सालापर्यंत अमुक जिल्ह्यात, त्यानंतर तमुक जिल्ह्यात. काळ घातलेले वाक्य सहसा कोणी बदलत नाही.

याच पायरीवर बातम्यांचाही निकाल लावावा. मेडीगड्डा बंधाऱ्याचे एक टोक सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीजवळ आहे. त्याचे उद्घाटन २१ जून २०१९ रोजी झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. गावाच्या लेखात याला दोन वाक्ये आणि बंधाऱ्याच्या लेखाचा दुवा पुरतो. चार परिच्छेद घातले, तर दर पावसाळ्यात कोणीतरी पाचवा घालतो आणि गावाचा लेख बंधाऱ्याचा होऊन बसतो.

सातवी तपासणी: संदर्भ आहे का, आणि तो खरोखर संदर्भ आहे का?

इथून पुढचे काम आठवड्यांचे आहे. दूरच्या गावाच्या लेखाची खरी अडचण अशी की ज्याला गाव ठाऊक असते त्याच्याजवळ छापील पुरावा नसतो, आणि ज्याच्याजवळ ग्रंथालय असते त्याने गाव पाहिलेले नसते. "मी इथलाच आहे, मला माहीत आहे" हे खरे असले तरी विकिपीडियावर चालत नाही. तिथे नियम असा की वाचकाला स्वतः पडताळता आले पाहिजे. स्थानिक माणसाला हा अपमान वाटतो, तो चिडून निघून जातो, आणि लेख पुन्हा गाव न पाहिलेल्यांच्या हाती राहतो.

म्हणून मी वाटणी करून काम करतो. गावातल्या माणसाने चुका दाखवायच्या, छायाचित्रे काढायची, स्थानिक ग्रंथालयात किंवा शाळेत काही स्मरणिका, गॅझेटियर पडले असतील तर त्यांचे मुखपृष्ठ, प्रकाशन वर्ष आणि पृष्ठ क्रमांक टिपून द्यायचे. शहरातल्या माणसाने जिल्हा जनगणना पुस्तिका, जुनी आणि नवी गॅझेटियरे, भूशास्त्रातले शोधनिबंध आणि वृत्तपत्रांचे संग्रह धुंडाळायचे. सिरोंच्यासारख्या ठिकाणी तिसरा माणूस तेलुगू वाचणारा हवा, कारण तिथल्या लोकव्यवहारात तेलुगू मोठ्या प्रमाणावर आहे. तेलुगू विकिपीडियावर आपल्या चावडीसारखे (सर्व सदस्यांच्या सामाईक चर्चेचे) जे पान आहे त्याला 'रच्चबंड' म्हणतात, म्हणजे गावातला गप्पांचा पार. तिथे नम्रपणे विचारल्यावर मला मदत मिळाली आहे. माडिया किंवा गोंडी नावांच्या उच्चारांसाठी मात्र ती भाषा बोलणाऱ्यालाच विचारावे, जुन्या इंग्रजी लेखनावरून नाव तयार करू नये.

आता संदर्भ पारखण्याविषयी. एखाद्या संकेतस्थळावर लेखातले वाक्य जसेच्या तसे सापडले, की लोक आनंदाने तो दुवा संदर्भ म्हणून जोडतात. थांबून पाहावे की आधी कोणी लिहिले. लेखाच्या इतिहासात ते वाक्य पहिल्यांदा केव्हा आले ती तारीख काढावी आणि संकेतस्थळावरच्या तारखेशी ताडावी. कित्येकदा असे निघते की वाक्य आपल्याच लेखातून तिकडे गेले आणि आता तेच आपल्याला पुरावा म्हणून परत मिळत आहे. हा फेरा एकदा बसला की चुकीचे विधान काढणे जवळजवळ अशक्य होते, कारण काढणाऱ्याला दहा 'संदर्भ' दाखवले जातात. म्हणून ज्या विधानाला पुरावा सापडत नाही ते महिनोन् महिने लेखात ठेवू नये: 'संदर्भ हवा' अशी खूण करावी, चर्चा पानावर विचारावे, ठरावीक मुदत द्यावी आणि मग ते विधान चर्चा पानावर हलवावे. तिथे ते जिवंत राहते, कोणाचे मनही दुखत नाही आणि पुरावा सापडला की परत आणता येते.

'निसर्गरम्य', 'सुप्रसिद्ध', 'प्रेक्षणीय' ही विशेषणे मात्र विचारपूस न करता काढावीत.

आठवी तपासणी: मजकूर उचललेला आहे का?

परिच्छेद नाहीसे होतात त्यांतले बरेच याच कारणाने. मजकुरातले एक वेगळे वाटणारे वाक्य अवतरण चिन्हांत घालून शोधावे. जसेच्या तसे सापडले आणि ते आपल्या आधीचे असेल, तर परिच्छेद उडणे योग्यच होते. सरकारी प्रकाशनातून उतरवले म्हणून ते मोफत ठरत नाही: भारतात सरकारी प्रकाशनाचा प्रताधिकार प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो. त्यामुळे इंग्रजी अमदानीतले जुने गॅझेटियर उतरवता येते, पण १९७० च्या दशकातले येत नाही. त्यातली माहिती घ्यावी, वाक्ये आपली लिहावीत आणि पृष्ठ क्रमांक द्यावा. इंग्रजी विकिपीडियावरून भाषांतर केले असेल, तर बदलांच्या आढाव्यात तसे लिहून मूळ लेखाचा दुवा द्यावा, कारण विकिपीडियाचा मजकूर वापरण्याचा परवानाच श्रेय देण्याच्या अटीवर आहे.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

विकिपीडियावरचा मिस्त्री म्हणजे प्रचालक, पाने सुरक्षित करण्यासारखे जादा अधिकार असलेला सदस्य. तो पगारी नसतो, फावल्या वेळात काम करतो, म्हणून त्याला वरच्या आठ तपासण्या झाल्यावरच हाक मारावी. पुढील प्रसंगी मात्र एकट्याने दुरुस्ती करत बसू नये, त्याची किंवा जाणकारांची मदत घ्यावी.

२४ तासांत तीनदा उलटवून झाले असेल, तर चौथ्यांदा हात लावू नये, आपली बाजू शंभर टक्के बरोबर असली तरी. आधी चर्चा पान, मग चावडी, आणि तरीही न मिटल्यास प्रचालक. तो पान काही काळ सुरक्षित करू शकतो, तुम्ही करू शकत नाही. कोणाचा दूरध्वनी क्रमांक, पत्ता किंवा जिवंत व्यक्तीवर पुराव्याविना आरोप लेखात आला असेल, तर तो मजकूर काढून तत्काळ प्रचालकाला कळवावे. नुसता काढला तरी इतिहासात तो दिसत राहतो आणि तिथून लपवण्याचे अधिकार मोजक्यांनाच असतात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात अटक, चकमक आणि खबरी असल्याचे आरोप यांविषयीच्या ओळींबाबत मी याला अपवाद करत नाही. चर्चा पानावरही त्या ओळी पुन्हा लिहू नयेत.

साचा बिघडल्याची शंका असेल, तर तो उघडून 'बघू या तरी' करू नये. एक साचा हजारो लेखांत वापरलेला असतो आणि तुमच्या गावाची चौकट सुधारताना राज्यातल्या सगळ्या गावांच्या मोडतात. चावडीवर तांत्रिक जाणकारांना सांगावे आणि स्वतःचे प्रयोग धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, करावेत. जीवाश्मांच्या थरांचे वय, नदीपात्रातली राज्यांची हद्द, शिलालेखाचे वाचन, या तीन गोष्टी हौशी संपादकाने ठरवायच्या नाहीत. भूशास्त्रज्ञाचा प्रसिद्ध निबंध, सर्वेक्षण खात्याचा नकाशा आणि अभिलेख वाचणाऱ्या तज्ज्ञाचे छापील वाचन असेल तर घ्यावे, नाहीतर ती ओळ लेखात नसलेली बरी.

दुरुस्ती झाल्यावर लेख निरीक्षणसूचीत (आपण लक्ष ठेवायच्या पानांच्या यादीत) टाकावा आणि चर्चा पानाच्या वरच्या भागात मी ठेवतो तशी एक नोंद ठेवावी: "हा लेख गावाचा आहे, तालुक्याचा नाही. लोकसंख्या २०११ च्या जनगणना पुस्तिकेतून घेतली आहे. चौकटीतला आकडा विकिडाटावरून येतो, तिकडेच बदलावा. साच्यातले अंक देवनागरीत करू नयेत. कोटा म्हणजे प्राणहितेकाठचे गाव. आपण स्थानिक असाल आणि काही चुकले असे वाटत असेल, तर कृपया इथे खाली लिहा. मोबाइलवरून दोन ओळी लिहिल्या तरी पुरे, उत्तर द्यायला आम्ही आहोत."